निळा धूर, जुनी टर्बो डिझेल: सरळ टर्बो बदलू की आधी काही तपासू? (ठाणे)

घोडबंदर_कोंडी (ठाणे पश्चिम)

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०११ ची टर्बो डिझेल सेडान, १.३ लिटर, रनिंग १,१८,०००. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर पहिल्या पानावरच ती कंपनी भारी की भंगार यावर जुंपेल. मी दुसरा मालक. रोजचा रस्ता मानपाडा ते ऐरोली. म्हणजे कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका या टप्प्यात पहिला-दुसरा गिअर आणि क्लच, मग मुलुंड-ऐरोली पुलावर जरा मोकळं.

त्रास असा: सिग्नलला किंवा कोंडीत बराच वेळ उभं राहून निघालो की मागे निळा ढग. आरशात मागची रिक्षा दिसेनाशी होते आणि रिक्षावाले काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला काही नाही. पुलावर एकसारख्या ८० ला काही नाही. पिकअप थोडा मंद वाटतो, पण तो मनाचा खेळही असेल. ऑइल कमी होतंय, दोन सर्व्हिसच्या मध्ये टॉपअप लागतो, पूर्वी लागत नव्हता. खाली गळती नाही, पार्किंगची फरशी कोरडी. बाकी किरकोळ: डिपस्टिक कधीकधी अर्धा इंच वर आलेली सापडते, सर्व्हिसवाले नीट बसवत नसावेत.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपने इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) पाइप काढून आतलं तेल दाखवलं. म्हणाले टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) गेला, नवीन ५८,००० अधिक लेबर. दुसऱ्याने पाइपही न काढता सांगितलं, रिंग-पिस्टन गेलंय, इंजिनकाम करा. कोणाचं ऐकू?

बुलेट_मामा (डोंबिवली)

दोघांचंही ऐक. टर्बो बदल, इंजिन बदल, मग उरलेली काच आणि हॉर्न विकून नवीन ईव्ही घे.

तेराचा_पाना (तुर्भे)

मामांना सोडा. आधी एक प्रश्न, कारण अर्धे धागे इथेच वाट चुकतात. धूर खरंच निळा आहे का? डिझेलमध्ये इंजेक्टर गळका असला की न जळलेलं डिझेल पांढरट-निळसर दिसतं, आणि संध्याकाळी मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये तर कुठलाही धूर निळाच वाटतो. दिवसा, ऊन मागून असताना, गडद भिंतीसमोर बघा. मग वास. जळक्या तेलाचा वास जड आणि कडवट असतो, घशात बसतो. कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबतो. शिवाय सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर अंतरावर पांढरा कागद धरून कोणालातरी रेस करायला सांगा. तेल असेल तर कागदावर चिकट, पिवळट-काळे ठिपके पडतात आणि बोटाने फिसकटतात. कोरडी काजळी पडली तर विषय वेगळा.

दुसरं: डिपस्टिकवरची पातळी कमी होते की वाढते? वाढत असेल तर तेलात डिझेल उतरतंय, आणि मग धुराचं मूळ इंजेक्टरकडे शोधायचं. आणि शेवटच्या सर्व्हिसला कोणी 'मॅक्स'च्या वर तर भरलेलं नाही ना? जादा भरलेल्या तेलावर क्रँक आपटतो, फेस होतो, आणि तो फेस ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, जातो. या एका कारणापायी इंजिनं उघडलेली पाहिली आहेत मी.

घोडबंदर_कोंडी

काका, आज दुपारी कागद धरला. काम मेहुण्याचं, रेस माझी. पिवळट ठिपके, चिकट. वास जळक्या तेलाचाच. पातळी कमी होते, वाढत नाही. सध्या दोन खुणांच्या मधोमध आहे.

पार्सिकवाला (कळवा)

इतकं काही करायची गरज नाही. ऑइल घट्ट करणारी बाटली मिळते, एक ओत. नाहीतर २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाक. माझ्या जुन्या गाडीचा धूर एका बाटलीत थांबला होता.

तेराचा_पाना

पार्सिकवाले, तुमच्या जुन्या गाडीला टर्बो होता का?

पार्सिकवाला

नव्हता.

तेराचा_पाना

मग झालं तर. या छोट्या डिझेलांच्या टर्बोची दांडी मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. तिथे सकाळच्या स्टार्टला घट्ट तेल पोचायला उशीर म्हणजे बेअरिंग झिजवणं. आज धूर कमी होईल, सहा महिन्यांनी टर्बो खरोखरच जाईल. मॅन्युअलमध्ये जी ग्रेड लिहिली आहे तीच टाकायची.

नेरुळची_रेवा (नेरुळ)

माझीही टर्बोच, पण पेट्रोल, जुनी १.८. तिचा निळा धूर असा होता: गायमुखच्या उतारावर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून फाउंटनच्या बाजूला उतरायचं आणि खाली पोचून पाय दिला की भस्सकन निळा लोट. सकाळी स्टार्टलाही एकच भपका, मग दिवसभर स्वच्छ. तिथेही पहिलं निदान 'टर्बो' हेच होतं. निघाले व्हॉल्व्हचे सील, रबर कडक होऊन अक्षरशः तुकडे पडले होते. हेडसुद्धा उतरवावं लागलं नाही. आमच्या मिस्त्रींनी स्पार्क प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली, पिस्टन वर घेऊन ती दाबली, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत, आणि वरच्या वर स्प्रिंग काढून सील बदलले.

कोंडीभाऊ, तुम्हीही एकदा गायमुखला जाऊन हीच चाचणी करून बघा ना.

तेराचा_पाना

रेवाताई, तुमचं निदान शंभर टक्के बरोबर, पण ही चाचणी डिझेलला तशीच लावता येत नाही. पेट्रोलमध्ये पाय सोडला की थ्रॉटल मिटतो, मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो सीलमधून तेल ओढतो. डिझेलला तसा मिटणारा थ्रॉटल नसतो. काही गाड्यांत ईजीआरसाठी (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडण्यासाठी) झडप असते, पण तितका व्हॅक्यूम होत नाही. त्यामुळे डिझेलमध्ये व्हॉल्व्ह सील हा संशयितांच्या यादीत बराच खाली. त्यातून यांच्या गाडीला सकाळचा भपका नाहीच. रात्रभरात सीलमधून झिरपलेलं तेल सकाळी पहिल्यांदा जळतं, ते इथे दिसत नाही. सील बाद.

रिंगा म्हणाव्यात तर धूर लोडवर वाढला पाहिजे. पुलाच्या चढाला, चार माणसं आणि एसी असताना. यांना तिथे काहीच दिसत नाही. उलट उभं राहिल्यावर तेल साठतंय आणि निघाल्यावर जळतंय. हे लक्षण टर्बोकडेच बोट दाखवतं, इथपर्यंत वागळे इस्टेटवाला चुकत नाही. पण टर्बोतून तेल येणं आणि टर्बो खराब असणं या दोन गोष्टी आहेत. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता शिफ्ट आहे.

बुलेट_मामा

काका 'क्रमशः' टाकून गेले.

तेराचा_पाना

हं. तर टर्बोमधला सील.

बहुतेकांना वाटतं की आत रबराचा ऑइल सील आहे, तो फाटला, तेल आलं. तसं नाही. रबर तिथे तासभर टिकणार नाही. दांडीच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते, खाचेत बसवलेली. ती तेल पूर्ण अडवतच नाही. तेल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे. एका बाजूला एक्झॉस्टचा दाब, दुसऱ्या बाजूला बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा, आणि मधल्या खोलीतलं तेल लगेच खाली निघून जात असतं.

आता ते निघून कसं जातं ते बघा. वरून तेल पंपाच्या दाबाने बारीक नळीतून येतं. खाली जाताना पंप नाही, काही नाही, केवळ उतार. म्हणून रिटर्नची नळी जाड असते आणि ती सरळ चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिकडे, उतरते. मोरीचा पाइप तुंबला की नळ कितीही चांगला असो, पाणी फरशीवर येणारच. रिटर्न तुंबला किंवा खालून चेंबरमधला दाबच वर ढकलत असला, की टर्बोच्या पोटात तेल साठतं आणि त्या लोखंडी रिंगांना ओलांडून बाहेर पडतं.

आयडलिंगला हे सगळ्यात जास्त होतं, कारण तेव्हा एक्झॉस्टचा दाब कमी आणि बूस्ट जवळपास शून्य. तेल रोखायला समोरून कोणी नाही. गरम टर्बाइनच्या घरात ते साठतं आणि तुम्ही कोंडीतून निघालात की जळतं. पुलावर ८० ला दोन्ही बाजूंनी दाब असतो, तेल आतच राहतं. तुमचं लक्षण शब्दाला शब्द हेच आहे.

अशा गाडीला नवीन टर्बो लावला तर काय होईल? काही दिवस बरं, मग पुन्हा निळा. मग 'टर्बोच डुप्लिकेट दिला' म्हणून भांडण. म्हणून ५८,००० काढायच्या आधी तीन गोष्टी: एअर फिल्टर, ब्रीदर, रिटर्नची नळी. फिल्टर चोंदलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या (टर्बोची हवा ओढणारी बाजू) तोंडाशी व्हॅक्यूम होतो आणि तेल तिकडून ओढलं जातं. हे तर घरी बसून बघता येतं.

आणि इंटरकूलरच्या पाइपात तेल दिसलं म्हणून टर्बो गेला असं होत नाही. ब्रीदरचा पाइप टर्बोच्या आधीच इनटेकमध्ये सोडलेला असतो, त्यामुळे आत तेलाचा ओलसर हात प्रत्येक जुन्या डिझेलला असतोच. पाइप उलटा केल्यावर तेल ओघळून खाली पडलं का, की नुसता ओला होता?

घोडबंदर_कोंडी

ओघळलं. चमचाभर तरी असेल, फरशीवर डाग पडला. फिल्टर आज काढून पाहिला, धूळ आहे पण चोंदलेला नाही. घोडबंदरला मेट्रोची कामं सुरू झाल्यापासून मी तो लवकर बदलतो.

कळंबोली४६ (कळंबोली)

ट्रकच्या वर्कशॉपात असतो, म्हणून उशिरा वाचलं. एवढी चर्चा झाली पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कोणीच धरलं नाही. "डिपस्टिक अर्धा इंच वर आलेली सापडते."

सर्व्हिसवाल्याने सैल बसवली असती तर एकदाच वर दिसली असती. तुम्ही दाबून बसवता आणि ती पुन्हा वर येते ना? मग तिला आतून कोणीतरी ढकलतंय. चेंबरमध्ये दाब साठतोय.

दाब साठायची कारणं दोन. एक, रिंगांमधून बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनशेजारून खाली निसटणारा वायू) इतकं येतंय की ब्रीदरला ते झेपत नाही. दुसरं, बॅक कॉम्प्रेशन नेहमीचंच आहे पण बाहेर जायची वाट बंद आहे. पहिलं असेल तर इंजिनकाम. दुसरं असेल तर ब्रीदरचा डबा साफ. दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, आणि ओळखायला लागतो फक्त पाण्याचा पाइप.

आम्ही ट्रकला असं करतो: एक जुनी ऑइल कॅप घ्यायची, मधे भोक पाडून निपल बसवायचं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप त्याला जोडायचा, दुसऱ्या टोकाकडे यू आकारात वाकवून फळीला बांधायचा, अर्धा पाणी भरायचा. तो यू इंजिनपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि पाइपचं टोक उघडंच ठेवा. काही जण डिपस्टिकच्या नळीला पाइप लावतात, पण काही इंजिनांत ती नळी तेलात बुडालेली असते, तिथे आकडा खोटा येतो. कॅपच बरी.

गाडी गरम करून आयडलवर ठेवा. धडधाकट इंजिनात पाणी जेमतेम हलतं, काहींत उलट थोडं आत ओढलं जातं. पाणी एका बाजूला चढून तिथेच राहिलं तर दाब आहे. मग कॅप काढा आणि उलटी करून नुसती तोंडावर ठेवा. डिझेलमध्ये ती थोडी थरथरणारच. उडून पडली किंवा तोंडातून भकाभका धूर आला तर रिंगा. नुसती थरथरली तर तुमचं नशीब बरं आहे.

नेरुळची_रेवा

हे वाचून मी आत्ता खाली जाऊन माझी डिपस्टिक बघून आले. जागेवर आहे.

बुलेट_मामा

मीपण बघून आलो. माझ्या बुलेटची तर कॅपमध्येच आहे. तरी बघून आलो.

घोडबंदर_कोंडी

शनिवारी केलं. जरा सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

कॅप एका भंगारवाल्याकडून मिळाली, लेव्हल पाइप मानपाड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून. पाण्यात बायकोने थोडं रसना टाकलं, दिसायला बरं म्हणून. वॉचमनला वाटलं मी गाडीला सलाइन लावतोय, त्यामुळे थोड्या वेळात स्टिल्ट पार्किंगमध्ये अर्धी सोसायटी गोळा.

गाडी ब्रह्मांडपर्यंत फिरवून गरम करून आणली. आयडलवर पाणी लगेच नाही चढलं. हळूहळू, बघता बघता, एका बाजूला चार बोटं वर गेलं आणि थांबलं. मेहुण्याने १,५०० ला रेस धरली तर आणखी दोन बोटं. रेस सोडली तरी खाली यायला वेळ लागला. मग कॅप काढली. फुस्स असा आवाज स्पष्ट आला. उलटी ठेवली तर ती जागच्या जागी थरथरत राहिली, उडाली नाही. तोंडातून वाफेसारखा हलका धूर, भकाभका नाही. कॅप उघडी असताना इंजिन जरा मोकळं वाजतंय असंही वाटलं.

मग ब्रीदरच्या डब्याचा बाहेर जाणारा पाइप काढून ठेवला आणि पुन्हा पाणी लावलं. पाणी तसंच चार बोटं वर! म्हणजे पाइप नाही, डब्यातच अडकलंय, असं मला वाटतं. बरोबर का?

कळंबोली४६

अगदी बरोबर. रिंगांचा विषय माझ्यापुरता संपला. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी कॉम्प्रेशन करून घ्यावं, पण डिझेलचं गेज वेगळं असतं, पेट्रोलचं लावू देऊ नका. आकड्यापेक्षा चार सिलेंडरांतला फरक बघायचा.

डबा उतरवा. उतरवताना आतला तेल खाली परतायचा छोटा मार्ग बघा, तो बंद असतो हमखास.

तेराचा_पाना

कळंबोलीभाऊ, डिपस्टिकचं धरलंत, मानलं.

कोंडी, एक ताकीद. हे मिटेपर्यंत गाडी ताणू नकोस, आणि घाट तर अजिबात नको. डिझेल इंजिनाला चालायला डिझेलच लागतं असं नाही, इनटेकमधून पुरेसं इंजिन ऑइल गेलं तरी ते त्यावर चालतं. मग रेस आपोआप वाढत जाते, किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, कारण किल्ली फक्त डिझेल तोडते. असं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक गच्च दाबून वरचा गिअर, चौथा-पाचवा, टाकायचा आणि क्लच सोडायचा, इंजिन दबून बंद पडतं. उभ्या गाडीत एअर इनटेकचं तोंड फळीने बंद करतात. हात किंवा फडकं कधीही लावायचं नाही, फडकं आत ओढलं जातं आणि हाताची बोटं राहत नाहीत. जमत नसेल तर लांब व्हायचं. इंजिन गेलं तर गेलं.

इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल म्हणजे याच प्रकाराचं इंधन. म्हणून डबा साफ करताना इंटरकूलरही उतरवून निथळून घे.

पार्सिकवाला

हे माहीत नव्हतं. ऑटोमॅटिक असेल तर?

तेराचा_पाना

ऑटोमॅटिकला क्लचची युक्ती चालत नाही. हवा बंद करणं, किंवा इनटेकमध्ये कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मारणं.

घोडबंदर_कोंडी

अपडेट. आमच्या जुन्या मिस्त्रींकडे, कोलशेतला, गाडी दिली आणि शेजारी उभा राहिलो.

डबा उघडल्यावर आत काळा, चिकट चिखल. वरच्या बाजूला पिवळट थर, तो पावसाळ्यातल्या ओलाव्याचा म्हणे. गाडी कोंडीत कमी अंतर फिरते, तेल पुरेसं तापतच नाही, पाणी उडून जात नाही. त्यात आधीच्या मालकाने १५,००० चा सर्व्हिसचा आकडा पाळलेला दिसतो, जो हायवेवाल्यांसाठी ठीक आहे. तेल परतायचं भोक सुईनेही उघडेना, डिझेलमध्ये रात्रभर भिजवून मग हवा मारली. मिस्त्री म्हणाले जाळी आतून बसली आहे, नवीन डबा घ्या. घेतला.

मग काकांच्या सांगण्यावरून टर्बोची रिटर्नची नळी काढली. गंमत पुढेच आहे. खालच्या फ्लॅंजवर आधी कधीतरी कोणीतरी पॅकिंगला लाल बॉण्ड चोपडलेला. आतल्या बाजूला तो दाबून बाहेर आलेला, वाळून रबर झालेला, आणि भोकाचा जवळपास निम्मा भाग त्याने झाकलेला. नळीतही कडक कोळसा. खरवडून साफ केली, नवीन पॅकिंग कोरडं बसवलं.

टर्बोची दांडी हलवून पाहिली. आडवी किंचित हलते, मागेपुढे अजिबात नाही. पाती कुठे घासलेली नाहीत. मिस्त्री म्हणाले, याला काय झालंय?

तेराचा_पाना

आडवी थोडी हलणारच, तेलाच्या थराला जागा लागते. मागेपुढे हलली असती किंवा पात्यांच्या कडा घासून चकाकत असत्या तर मीच म्हणालो असतो, बदल.

पण डबा आणि नळी दोन्ही एकाच दिवशी केलंस. आता कोणामुळे किती हे कधीच कळणार नाही. एक करून आठवडाभर चालवायची होती.

घोडबंदर_कोंडी

काका, टर्बो दोनदा उघडायचं लेबर तुम्ही देणार होतात का?

तेराचा_पाना

हाहा. बरं, माफ.

घोडबंदर_कोंडी

मात्र धूर अजून आहे! कमी आहे, पण आहे. पाण्याचा पाइप पुन्हा लावला, आता पाणी हलतसुद्धा नाही. मग हा कुठला?

कळंबोली४६

सायलेन्सरमधला. महिनोन्महिने तिथे तेल बसलंय, ते एका दिवसात जळत नाही. जुन्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या गर्दीत नको, एक्स्प्रेस-वेला किंवा नाशिक हायवेला लांबवर एकसारखी चालवून आणा. रोज कमी होत गेला पाहिजे. वाढला तर परत लिहा.

वाशी_सेक्टर१७ (वाशी)

मधेच विचारतो, क्षमस्व. असा धूर असताना पीयूसी कसं निघतं? माझ्या भावाच्या गाडीचं निघालं, धूर असून.

तेराचा_पाना

निघू शकतं. डिझेलला धुराची अपारदर्शकता मोजतात. गिअर न टाकता झटक्यात रेस देऊन, धुरातून प्रकाश किती अडतो ते. बीएस-४ डिझेलला मर्यादा प्रति मीटर १.६२, त्याआधीच्यांना २.४५. यंत्राला निळं-काळं कळत नाही. आणि त्या क्षणी टर्बोत तेल साठलेलं नसेल, गाडी नुकतीच हायवेवरून आली असेल, तर आकडा बरा येतो. पीयूसी निघालं म्हणजे इंजिन ठणठणीत असा अर्थ काढू नये.

कोंडी, तुझी २०११ ची म्हणजे १५ वर्षांच्या नोंदणीचं नूतनीकरण, पुढच्या पाच वर्षांसाठी, आणि पर्यावरण कर हे आता दारात आहे. आरटीओच्या तपासणीला जाताना मागे ढग नसलेला बरा.

एक_गाव_शहापूर (शहापूर)

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून उलट बाजू. माझ्या पिकअपला टर्बोच गेलेला. पण लक्षणं वेगळी होती: रेस दिली की रुग्णवाहिकेच्या सायरनसारखी शिट्टी, कसाऱ्याच्या चढाला ताकदच नाही, आणि धूर सतत, आयडलला आणि लोडला सारखाच. उघडल्यावर दांडी मागेपुढे खळखळत होती आणि पात्याचा एक तुकडाच नव्हता. तो तुकडा कुठे गेला हे शोधण्यातच अर्धा दिवस गेला, इंटरकूलरमध्ये सापडला. अशा वेळी रिटर्न साफ करत बसू नका. आणि नवा टर्बो बसवताना तेल येणारी नळी जुनीच ठेवू नका, तिच्यातला कोळसा नव्यालाही मारतो. सुरू करण्याआधी नळीतून हाताने तेल ओतून घ्या, कोरडा फिरवू नका.

कळंबोली४६

शंभर टक्के. तेल आणि फिल्टरही त्याच वेळी नवा, जुन्या तेलात तुटलेल्याचा भुगा असतो.

घोडबंदर_कोंडी

शेवटचा अपडेट. रविवारी भिवंडी बायपास धरून पडघ्यापर्यंत जाऊन आलो. जाताना पडघ्याच्या अलीकडे एकदा हलका निळा, येताना नाही. सोमवारपासून कापूरबावडीला नेहमीसारखा अडकतोय, निघताना आरशात मागचा रिक्षावाला स्पष्ट दिसतो, मोबाइल बघताना. डिपस्टिक जागेवर. तेलाची पातळी पुढच्या हजार किलोमीटरांनंतर बघेन. काही मॅन्युअलमध्ये हजाराला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं, पण माझी पूर्वी एवढं कधीच पीत नव्हती.

खर्च: डबा, पॅकिंग, इंटरकूलर साफसफाई, तेल, फिल्टर, लेबर मिळून ९,००० च्या आत. तेल आता ७,५०० ला बदलणार.

काका, कळंबोलीभाऊ, रेवाताई, सगळ्यांचे आभार. मामांचेही.

बुलेट_मामा

ईव्हीचं बुकिंग रद्द करतो मग तुझ्या नावावरचं.

वाशी_सेक्टर१७

मस्त धागा. भावाच्या गाडीतून मात्र सकाळी पांढरा धूर येतो, गोडसर वास. तिलाही पाण्याचा पाइप लावू का?

तेराचा_पाना

नको. पांढरा आणि गोडसर म्हणजे कूलंट, हेड गास्केटची चौकशी. नवीन धागा काढा आणि पहिल्याच पोस्टमध्ये लिहा: कूलंटची पातळी किती कमी होते, टाकीत बुडबुडे येतात का, आणि डिपस्टिकवर दुधी रंग आहे का. तोपर्यंत गाडी गरम होऊ देऊ नका.